शर्यत असोद्यात संपावी

जळगावपासून पाच-सहा किलोमीटरवरचं असोदा आता शहराला जवळजवळ चिकटलं आहे. बरेच जळगावकर त्याचं नाव घेतात ते रेल्वे गेटाच्या निमित्ताने, नाहीतर हिवाळ्यात वांग्यांसाठी. १८८०च्या नागपंचमीला इथल्या महाजनांच्या घरी कवयित्री बहिणाबाई जन्मल्या आणि तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावच्या चौधरींकडे गेल्या. २०१८मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं. पण नाव विद्यापीठाला लागलं म्हणून पावलं असोद्याकडे वळतात असं नाही. ती वळवायची तर दरवर्षी एखाद्या सुट्टीच्या दिवशी जळगाव-असोदा रस्त्यावर धावण्याची शर्यत भरवावी, आणि ती असोद्यातून सुटू नये, असोद्यात संपावी.

जन्मगावातून सुरुवात हाच कुणालाही आधी सुचणारा बेत. बॉस्टनची मॅरेथॉन १८९७पासून अशीच गावाकडून शहराकडे धावते, तीही पेट्रियट्स डेच्या सुट्टीला. पण सुरुवातीच्या गावाच्या वाट्याला सकाळची गर्दी येते. लोक थांबतात, खातात, पैसे खर्च करतात ते शेवटाला. शिवाय जळगावहून असोदा ही सासरहून माहेरची दिशा. बॉस्टनने बायकांना अधिकृत प्रवेश दिला तो थेट १९७२मध्ये. इथे पहिली रांग त्यांचीच असावी. सहा किलोमीटर ही कसली शर्यत, असं सराईत धावपटू म्हणतील. म्हणोत. कधीच न धावलेल्या बाईला बेचाळीस किलोमीटर सांगितले तर ती घरीच बसेल.

‘हे शहरी खूळ, गावाला काय त्याचं?’ हा आक्षेप जास्त वजनाचा आहे. पण अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास खानदेशातल्या कितीतरी गावांत बारागाड्या ओढल्या जातात: एकामागे एक जुंपलेल्या गाड्या, वर माणसांची दाटी, पुढे भगत आणि त्याला धरून पळणारे बगले. तो नवस आहे, खेळ नव्हे, हे खरं. तरी रस्ता मोकळा करणं, पोरांना चाकापासून लांब ठेवणं, गर्दी आवरणं ही कामं या मुलखाला कुणी शिकवायला नकोत.

दिवस मात्र अखाजीचा नको. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत लोकांना पळवणं हा आडमुठेपणा होईल. नागपंचमीचा मान मोठा, पण ऐन पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल गावभर असतो आणि शेतात निंदणी चालू असते. ३ डिसेंबर ही बहिणाबाईंची पुण्यतिथी. तिच्या लगतचा रविवार बरा. तेव्हा भरिताची वांगी भरात असतात. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, हिरवी मिरची-लसणासोबत लाकडी भांड्यात ठेचलेली वांगी आणि कळण्याची भाकरी समोर असेल तर पदकाची फारशी चौकशी कुणी करणार नाही. राहता राहिला रेल्वेमार्ग. गाड्या शर्यतीसाठी थांबायच्या नाहीत, तेव्हा सुरुवातीची रेघ रुळांच्या असोद्याकडच्या बाजूलाच आखावी. अंतर थोडं कमी भरेल, भरू द्या.