व्हेरिकोज व्हेन्स: उपचार झाल्यावर शिरा पुन्हा का फुगतात?

पायाच्या फुगलेल्या शिरांवर लेझर करून घेतले, पाय हलका झाला, चार-पाच वर्षे बरी गेली आणि मग एके दिवशी पोटरीवर पुन्हा एक निळी, वेडीवाकडी रेघ उठून आली. अशा वेळी दोन उद्गार हमखास ऐकू येतात. पहिला, ‘पैसे पाण्यात गेले!’ आणि दुसरा, ‘आता पुन्हा त्या वाटेला जायचे नाही.’ पहिला बऱ्याचदा खरा नसतो. दुसरा मात्र धोक्याचा असतो. शिरा डोळ्यांना खुपतात ही या आजाराची सर्वांत किरकोळ बाजू आहे. दुर्लक्ष होत गेले तर घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळवंडते, खाज सुटते, कातडी कडक होते आणि शेवटी तिथे अशी जखम होऊ शकते की जी महिनोन्‌महिने भरत नाही. आपल्या घरांतल्या साडी नेसणाऱ्या ज्येष्ठ स्त्रियांच्या बाबतीत हे सारे पडद्याआड चालते. पाय कोणी पाहत नाही आणि त्या स्वतःहून सांगत नाहीत.

म्हणून हा लेख मुख्यतः ज्यांचे उपचार एकदा झाले आहेत त्यांच्यासाठी आणि त्यांच्या मुला-सुनांसाठी आहे.

आधी थोडे पायातल्या व्यवस्थेविषयी. पायात गेलेले रक्त पुन्हा हृदयाकडे चढवायचे तर गुरुत्वाकर्षणाच्या उलट न्यावे लागते. हे काम पोटरीचे स्नायू करतात. पाऊल टाकले की पोटरी आवळते, तिच्या आतल्या खोल शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर ढकलले जाते. ते पुन्हा खाली घसरू नये म्हणून शिरांच्या आत ठिकठिकाणी छोट्या झडपा असतात. माणूस स्तब्ध उभा असताना घोट्याजवळच्या शिरेतला दाब साधारण ८० ते ९० मिलिमीटर असतो. चालू लागल्यावर निरोगी पायात तो ३० च्या आसपास किंवा त्याखाली येतो. झडपा निकामी झाल्या की चालतानाही हा दाब पुरेसा उतरत नाही. कातडीखालच्या शिरांना खोल शिरांसारखा स्नायूंचा आधार नसल्याने त्या ताणल्या जातात, लांबतात आणि नागमोडी होतात. पुढचा सगळा त्रास या न उतरणाऱ्या दाबाचा आहे.

उपचार म्हणजे ही बिघडलेली शीर वाटेतून काढून टाकणे. बहुधा ती घोट्याच्या आतून जांघेपर्यंत जाणारी लांब शीर असते, काहींच्या बाबतीत पोटरीच्या मागची. पूर्वी ती बांधून, ओढून काढत. आता लेझरने किंवा रेडिओफ्रीक्वेन्सीने आतून भाजून, औषधाचा फेस सोडून किंवा वैद्यकीय गोंदाने बंद करतात. ‘शीरच बंद केली तर रक्त जाणार कुठून?’ असे पुष्कळजण विचारतात. पायातले बहुतेक रक्त खोल शिरांतून जाते. वरची बिघडलेली शीर उलट रक्त मागे सोडून त्यांचे काम वाढवत असते.

पण एक गोष्ट उपचाराच्या आधी स्पष्ट सांगितली जात नाही. बंद केली ती एक शीर. शिरांच्या भिंती सैल पडण्याचा शरीराचा जो कल आहे, बऱ्याचदा आई-वडिलांकडून आलेला, तो तसाच राहतो.

पुन्हा म्हणजे नक्की काय?

हा प्रश्न उपचाराइतकाच जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन शल्यविशारद ट्रेन्डेलेनबुर्ग यांनी ही शीर मांडीत बांधायला सुरुवात केली. पुढे लक्षात आले की वरच्या फांद्या मोकळ्या राहतात आणि रक्त त्यांतून वाट काढते. म्हणून ती थेट जांघेपाशी बांधू लागले. १९९८ मध्ये पॅरिसमध्ये तज्ज्ञांनी एकत्र बसून पुन्हा येणाऱ्या शिरांची रीतसर वर्गवारी केली. त्या वेळी प्रसिद्ध अभ्यासांतले आकडे पाहिले तर शस्त्रक्रियेनंतर पाच ते वीस वर्षांत शिरा परतण्याचे प्रमाण २० ते ८० टक्के असे पसरलेले होते. एवढी तफावत कशी? कोणी सोनोग्राफीत दिसलेली बारीक फांदीही मोजतो, तर कोणी रुग्णाला त्रास झाला तरच मोजतो. त्यामुळे कोणी तुम्हाला ‘शंभर टक्के कायमचा इलाज’ असे सांगत असेल किंवा ‘सगळ्यांच्या परत येतातच’ असे, तर दोघांवरही विश्वास ठेवू नका.

परत येण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या असतात. कधी पहिल्याच वेळी एखादी बिघडलेली शीर नजरेतून सुटलेली असते. लांब शीर बंद केली, पण पोटरीमागची राहिली किंवा खोल आणि वरच्या शिरांना जोडणारी एखादी आडवी शीर राहिली. अशा वेळी तक्रार लवकर, वर्ष-दोन वर्षांतच सुरू होते. कधी बंद केलेली शीर पुन्हा उघडते. फेसाच्या उपचारात हे लेझर-रेडिओफ्रीक्वेन्सीपेक्षा अधिक घडते. जुन्या शस्त्रक्रियेनंतर जांघेतल्या व्रणाजवळ बारीक नव्या शिरांचे जाळे उगवते. ज्यांना पूर्वी खोल शिरेत गाठ झाली होती त्यांच्यात मूळ अडथळा वर असतो. काही स्त्रियांत, विशेषतः अनेक बाळंतपणे झालेल्यांत, रक्त ओटीपोटातल्या शिरांतून मांडीत उतरते. आणि शेवटची तऱ्हा म्हणजे पहिला उपचार उत्तम झाला, पण काळाच्या ओघात दुसरीच शीर बिघडली.

हे सांगण्याचे कारण असे की यातले बरेचसे रुग्णाच्या हातात नसते. मी नियमाने चाललो नाही म्हणून झाले, असा दोष पुष्कळजण स्वतःला देतात. तो विनाकारण आहे. त्याचबरोबर प्रत्येक वेळी डॉक्टर चुकले असेही नसते. कोणती तऱ्हा आहे हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही, डॉप्लर सोनोग्राफीनेच कळते. तीही उभे राहून केलेली हवी. आडवे झाल्यावर मागे घसरणारे रक्त नीट दिसत नाही. पहिल्या उपचाराआधी ही तपासणी पूर्ण पायाची आणि निवांतपणे झाली तर ‘राहून गेलेली शीर’ हा प्रकार बराच टळतो. माझ्या मते शिरा परतू नयेत म्हणून करण्याजोगी सर्वांत मोठी गोष्ट ही आहे, आणि ती उपचाराच्या आधीच करायची असते.

जाता जाता एक समजूत काढायला हवी. उपचारानंतर मांडीत दोरीसारखी कडक रेघ लागते, थोडी दुखते, कातडीवर तपकिरी डाग राहतात. हे परतणे नव्हे. बंद झालेली शीर शरीर हळूहळू जिरवत असते, आणि त्याला काही महिने लागतात.

मोजे कोणी घालायचे?

घट्ट मोज्यांबद्दल फार गोंधळ आहे. एका टोकाला उपचारानंतर वर्षभर मोजे घाला म्हणून सांगितलेले रुग्ण असतात, दुसऱ्या टोकाला पहिल्याच दिवशी कपाटात टाकलेले. बडोद्याच्या मे महिन्यात मांडीपर्यंतचे मोजे घालून दाखवा, असे मला एका काकूंनी सुनावले होते. त्यांचे म्हणणे अगदी चुकीचे नव्हते. ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शक संस्थेने २०१३ मध्ये असे सुचवले की शिरांच्या उपचारानंतर मोजे किंवा पट्टी द्यायचीच असेल तर सात दिवसांपेक्षा जास्त देऊ नये. साध्या फुगलेल्या शिरांसाठी उपचार झाल्यावर आयुष्यभर मोजे घातल्याने त्या परत येत नाहीत, असे ठामपणे म्हणता येत नाही.

पण ज्यांच्या घोट्याजवळची कातडी काळी पडली आहे, ज्यांना एकदा जखम होऊन गेली आहे किंवा खोल शिरेत गाठ होऊन गेली आहे, त्यांचे गणित पूर्ण वेगळे आहे. त्यांच्यासाठी मोजे हे औषध आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत शिरांच्या जखमा असलेल्या रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाला फक्त दाबाची पट्टी व मोजे, दुसऱ्याला त्याबरोबर शिरांची शस्त्रक्रियाही. वर्षभरात पहिल्या गटात २८ टक्के जणांची जखम परतली, दुसऱ्यात १२ टक्के जणांची. म्हणजे या रुग्णांसाठी ‘मोजे की ऑपरेशन’ असा प्रश्नच नाही, दोन्ही हवे.

मोजे घेताना सकाळी, सूज नसताना माप द्या. बहुतेकांना गुडघ्यापर्यंतचे पुरतात. अंथरुणातून उठल्या उठल्या चढवा आणि झोपताना काढा. हाताला जोर नसेल तर भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून चढवले की पकड येते. वरची कड दुमडू नका, तिथे दुप्पट दाब पडून पाय आवळला जातो. रोजच्या वापराने सहा महिन्यांत ताण कमी होतो, मग तो नुसता जाड मोजा उरतो. उन्हाळ्यात जास्त दाबाचा मोजा सहन होत नसेल तर डॉक्टरांना विचारून एक पायरी कमी दाबाचा घ्या. कपाटातल्या कडक मोज्यापेक्षा पायातला हलका मोजा बरा. मात्र मधुमेह असेल, धूम्रपान असेल किंवा चालताना पोटरीत गोळे येऊन थांबावे लागत असेल, तर आधी पायाच्या धमन्या तपासून घेतल्याशिवाय घट्ट मोजे अजिबात घालू नयेत. रक्तपुरवठाच कमी असलेल्या पायाला दाबले तर इजा होऊ शकते.

रोजच्या दिवसात

पोटरीचा पंप चालू ठेवणे हे आपल्या हातात आहे. कमाटीबागेत रोज अर्धा-पाऊण तास चालणाऱ्यांना वेगळे काही सांगायला नको. पण चालताना घोटा वाकला पाहिजे. वय झाल्यावर घोटे आखडतात, माणूस पाय घासत चालतो आणि पोटरी कामच करत नाही. ओट्याला किंवा खिडकीच्या गजाला धरून टाचा उचलायच्या आणि खाली ठेवायच्या, वीस-वीस वेळा, दिवसातून दोन-तीनदा. आखडलेल्या घोट्यासाठी मला तरी हा सर्वांत सोयीचा उपाय वाटतो.

सगळ्यात वाईट म्हणजे एका जागी उभे राहणे. आपले सगळे सणवार नेमके त्यावर चालतात: ओट्यापाशी पुरणपोळ्या, पंगतीत वाढप, लांबलेली आरती, हळदीकुंकवाला दारात उभे राहून स्वागत. लाटायचे काम उंच स्टुलावर बसून होते, आणि उभे राहायचेच असेल तर एक पाय छोट्या पाटावर ठेवून मधून मधून बदलता येतो. नवरात्रात पुष्कळजणी ‘आता गरबा बंद’ असे ठरवतात. खरे तर फेर धरण्यात पोटरी सतत हलत असते. त्रास होतो तो कडेला मध्यरात्रीपर्यंत उभे राहून पाहणाऱ्यांना. उपचारानंतर नाचायला केव्हा सुरुवात करायची ते मात्र आपल्या डॉक्टरांना विचारा. चालणे बहुतेकदा त्याच दिवशी सुरू होते, उड्या आणि जोराच्या फेऱ्या थोड्या उशिरा.

वजन वाढले की पोटातला दाब वाढतो आणि पायातले रक्त चढायला अडते. ते कमी करणे उपयोगाचे आहे, आणि कठीणही. तेल जिरवल्याने बरे वाटते, झडप दुरुस्त होत नाही. नुकत्याच बंद केलेल्या शिरेवर तर रगडून मालीश करूच नये. भिंतीला पाय लावून पडल्याने सूज उतरते. शिरांसाठीच्या गोळ्यांनी काहींचा जडपणा कमी होतो, पण त्या शिरा परतू नयेत याची हमी देत नाहीत. मांडी घालून बसू नये हे मी फारसे गंभीरपणे घेत नाही.

सुना-मुलींसाठी एक गोष्ट. गरोदरपणात शिरा सैल होतात, त्या वेळी उठलेल्या बऱ्याच शिरा बाळंतपणानंतर काही महिन्यांत आपोआप ओसरतात. म्हणून त्रास फार नसेल तर शिरांचे उपचार पुढची बाळंतपणे उरकल्यावर केलेले बरे. नाहीतर पुढच्या खेपेला नव्या शिरा उठण्याची शक्यता राहते.

आणि कागदपत्रे जपा. कोणत्या पायाची कोणती शीर, कोणत्या पद्धतीने, केव्हा बंद केली, हे लिहिलेला कागद आणि आधीचा डॉप्लरचा अहवाल फाइलमध्ये ठेवा, मोबाइलवर त्याचा फोटो ठेवा. आपल्यातली कितीतरी मंडळी सहा महिने बडोद्यात आणि सहा महिने पुण्याला किंवा परदेशात मुलांकडे असतात. दहा वर्षांनी दुसऱ्या गावातल्या डॉक्टरांपुढे ‘कसलेसे लेझर केले होते’ एवढेच सांगता आले तर त्यांना सगळे शून्यापासून शोधावे लागते. परतलेल्या शिरेचा दुसरा उपचार बऱ्याचदा लहान असतो, एखादी फांदी बंद करणे किंवा फेसाचे इंजेक्शन. पण कुठे करायचे ते आधी कळायला हवे.

काही गोष्टींत मात्र पुढच्या भेटीची वाट पाहू नये. एक पाय अचानक सुजून दुखू लागला तर त्याच दिवशी दाखवा, खोल शिरेत गाठ असू शकते. त्याबरोबर धाप लागली किंवा छातीत दुखले तर थेट मोठ्या रुग्णालयात न्या. घोट्याजवळची फुगलेली शीर कधी आंघोळीच्या वेळी ओरखडा लागून फुटते आणि रक्त पाहून घर हादरते. अशा वेळी त्या व्यक्तीला लगेच जमिनीवर आडवे करा, पाय खुर्चीवर उंच ठेवा आणि स्वच्छ फडके त्या जागी दहा मिनिटे न उचलता घट्ट दाबून धरा. वर दोरी किंवा रुमाल आवळून बांधू नका. दाबाने रक्त बहुधा थांबते, थांबले नाही तर दाब तसाच ठेवून रुग्णालयात न्या. थांबले तरी त्या आठवड्यात शिरांच्या डॉक्टरांना दाखवाच, कारण तीच शीर पुन्हा फुटू शकते.