गाभण की रिकामी?

माळेगावच्या यात्रेत घोडी घेताना गिऱ्हाईक आधी दात बघतं, मग पाय, मग चाल. शेवटी आवाज उतरवून विचारतं, "गाभण हाय का?" विकणारा हमखास "हाय" म्हणतो. त्या एका शब्दावर दर वर जातो, आणि तो शब्द तपासण्याचं साधन दोघांपैकी कुणाकडेच नसतं.

नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात मार्गशीर्षाच्या अखेरीस भरणारी ही खंडोबाची यात्रा घोड्यांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. देवच घोड्यावर बसणारा! मी तिथं लहानपणापासून जातो. मी पशुवैद्यक नाही. वडिलांचा लातुरात टांगा होता आणि एका प्रश्नानं मला पुढं पुस्तकांकडे ढकललं, एवढीच माझी पात्रता.

१९८० च्या आसपासची गोष्ट. आमची चांदणी चैत्रात फळवली. एकविसाव्या दिवशी वडिलांनी तिला पुन्हा घोड्यापुढं उभं केलं. तिनं लाथ झाडली. उलटली नाही म्हणजे गाभण, हा सगळ्यांचाच हिशेब. शेवटचे तीन महिने टांगा बंद ठेवला, उधारीवर हरभरा आणला. पोटही दिसू लागलं. घोडीचे दिवस साधारण अकरा महिने म्हणजे ३४० च्या आगेमागे भरतात. अकरा झाले, बारा झाले, शिंगरू नाही. माळेगावात ती 'वांझ' म्हणून पडेल भावात गेली. तीन वर्षांनी त्याच बाजारात वडिलांनी तिला ओळखलं. पायाशी शिंगरू होतं. ते परतीच्या वाटेवर एक शब्द बोलले नाहीत.

नेमकं काय घडलं होतं हे आज सिद्ध करता येणार नाही. पण घोडीच्या शरीराची रीत समजून घेतली की एक सरळ उलगडा होतो.

घोडीचं ऋतुचक्र सुमारे २१ दिवसांचं, त्यात माज पाच ते सात दिवसांचा. बीज सुटतं ते माज संपण्याच्या एक-दोन दिवस आधी. गर्भ राहिला तर तो सोळाव्या दिवसापर्यंत गर्भाशयात एका ठिकाणी थांबत नाही. दोन्ही शिंगांत गोटीसारखा फिरत राहतो आणि त्या फिरण्यातूनच आईच्या शरीराला आपण असल्याचं कळवतो. मग तो स्थिर होतो. ३५ व्या दिवसानंतर त्याच्याच काही पेशी गर्भाशयाच्या अस्तरात शिरून वाटीसारख्या गाठी तयार करतात. या गाठींतून एक संप्रेरक रक्तात उतरतं. अमेरिकेत कोल आणि हार्ट यांनी ते १९३० मध्ये गाभण घोडीच्या रक्तात दाखवून दिलं. रक्तावरून गाभणपण ओळखण्याची एक चाचणी त्यावरच उभी आहे.

मेख इथंच आहे. गाठी तयार झाल्यावर गर्भ मेला, तरी त्या लगेच जात नाहीत. साधारण १२० व्या दिवसापर्यंत टिकतात. तोवर घोडी नियमित माजावर येत नाही आणि रक्ताची चाचणीही 'गाभण' असंच सांगते. गर्भ इतका लहान असतो की तो गेलेला कुणाला दिसतही नाही. पुढं ती माजावर आली तरी घोडा जवळ नसेल तर घोडी माज स्पष्ट दाखवत नाही. टांग्याच्या तबेल्यात घोडा कुठला? आणि पोट? ते हरभऱ्याचं.

म्हणून 'उलटली नाही' हा पुरावा अपुरा. जाणकार पशुवैद्य गुदमार्गातून हात घालून गर्भाशय चाचपतो. घोडीचं आतडं नाजूक, ते फाटलं तर जिवावर बेतू शकतं. त्यामुळे हे काम ऐऱ्यागैऱ्याचं नाही. सोनोग्राफीनं चित्र पालटलं. घोडीतल्या तिच्या वापराचे पहिले अहवाल १९८० मध्ये फ्रान्समधून आले, म्हणजे जवळपास चांदणीच्याच काळात. चौदा ते सोळा दिवसांत गर्भाची काळी गोल पिशवी पडद्यावर दिसते. जुळं असेल तर तेव्हाच कळतं. घोडीला जुळं बहुधा पेलत नाही, ती गाभाडते. म्हणून त्यातली एक पिशवी वेळीच दाबून फोडतात. चौथ्या आठवड्यात हृदयाचे ठोके पाहायचे आणि दुसऱ्या महिन्यात पुन्हा एकदा खात्री करायची.

वारंवार रिकामी राहणाऱ्या घोडीसाठी पुढच्या पायऱ्या आहेत: बाह्यांगाची ठेवण, गर्भाशयातल्या स्रावाची तपासणी, शेवटी अस्तराचा तुकडा. केनी यांनी १९७८ मध्ये या तुकड्यांची प्रतवारी मांडली. पहिल्या प्रतीत शिंगरू होण्याची शक्यता ८० टक्क्यांच्या वर, शेवटच्या प्रतीत १० टक्क्यांच्या आसपास. ध्यानात घ्या, शेवटच्या प्रतीतही शून्य नाही. घोड्याचं वीर्य तपासल्याशिवाय घोडीला दोष देणं तर अर्धाच न्याय.

आणखी एक गोष्ट कुणी बोलत नाही. घोडी लांब दिवसांत फळणारी. माळेगावची यात्रा येते वर्षातल्या सर्वांत लहान दिवसांच्या सुमारास. आपल्याकडे उन्हाळ्या-हिवाळ्याच्या दिवसांत दोनेक तासांचाच फरक, त्यामुळे काही घोड्या बारमाही माजावर येतात. पण कित्येकींचे बीजकोश तेव्हा निजलेले असतात. त्या दिवसांत माज दिसला नाही म्हणून घोडीला वांझ ठरवणं म्हणजे वैशाखात विहीर आटली म्हणून ती बुजवून टाकणं.

नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात राखलेले घोडे गुरू गोविंदसिंगांच्या घोड्याच्या वंशातले, अशी श्रद्धा आहे. वंश म्हटलं की आपण घोड्याचं नाव सांगतो; तो चालवला घोड्यांइतकाच घोड्यांच्या आयांनी, हे विसरतो.

आता टांगे गेले. लातूर-नांदेडात घोडी उरली ती मुख्यतः वरातीपुरती, आणि तिच्यावर पोट असणारी घरं तशीच हातावरची. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, परभणीलाही आहे. यात्रेत कुणी मला विचारलं तर मी एवढंच सांगतो: विकणाऱ्याला विचारू नका, घोडीला तपासून घ्या. आणि तपासल्याशिवाय तो एक शब्द तिच्या कपाळी मारू नका. आमच्या घरानं तो मारला होता.