छप्पर उघडणारी जुनी एमजीबी घेताय? आधी दाराखाली वाकून पाहा

ब्रिटनमध्ये जुनी स्पोर्ट्‌स कार घ्यायला निघालेल्यांची नजर बहुधा एमजीबी रोडस्टरवर जाते. १९६२ ते १९८० या काळात अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात ती बनत होती. ग्राहक चकचकीत रंगाला भाळतो आणि तिथेच फसतो.

या गाडीला वेगळी चेसिस नाही. सगळा भार पत्र्याची बॉडीच पेलते. त्यात वर पक्के छप्पर नाही. त्यामुळे दोन्ही दारांखालच्या पोकळ पट्ट्या, म्हणजे सिल, हाच तिचा कणा. त्या आतून गंजल्या की गाडी मधोमध खचते आणि दाराची फट वरच्या बाजूला अरुंद होते. एक बाजू जॅकवर उचलावी आणि दार उघडून लावून पाहावे. अडकले, तर व्यवहार तिथेच थांबवलेला बरा. इंजिन दुरुस्त करता येते, सुटे भागही मिळतात; सडलेली बॉडी मात्र खिसा रिकामा करते.

सिलवर आणि चाकांच्या कमानींवर कापडात गुंडाळलेले लोहचुंबक फिरवावे. चिकटले नाही, तर रंगाखाली पुट्टी आहे असे समजावे. सुरुवातीच्या गाड्यांचे बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचे असते, तिथे हा नियम लागू नाही!

कापडी छत स्वतः लावून-काढून पाहावे, गालिचा उचलून खालचा पत्रा चाचपावा. १७९८ सीसीचे इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगावे. विक्रेत्याने ते आधीच तापवून ठेवले असेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे.