जनावराच्या म्हातारपणाची तरतूद

मुंबई-ठाण्याच्या कार्यालयांत वीस-पंचवीस वर्षे घालवल्यावर अनेकांच्या मनात एक विचार डोकावू लागतो. आसनगाव-खर्डीच्या बाजूला किंवा कल्याणहून मुरबाडकडे जाताना थोडी जमीन घ्यावी, चार जनावरे पाळावीत आणि उरलेले आयुष्य स्वतःच्या मर्जीने जगावे. पाश्चात्त्य देशांत अशा मंडळींना अल्पाका या प्राण्याचे मोठे आकर्षण आहे. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतावरचा हा उंटाच्या कुळातील लहानसा प्राणी स्वभावाने शांत असतो. वर्षातून एकदा त्याची लोकर कातरली जाते आणि ती अतिशय मऊ असते. जिवाला धक्का न लावता उत्पन्न मिळते, हे ऐकून जैन कुटुंबालाही हा व्यवसाय आपलासा वाटेल.

मात्र हा प्राणी साडेतीन हजार मीटरहून उंच, थंड व कोरड्या पठारांवरचा आहे. शहापूर-मुरबाडचा दमट उन्हाळा आणि चार महिन्यांचा मुसळधार पाऊस त्याला मानवणारा नाही. शिवाय त्याच्या मायदेशी अल्पाकाचे मांसही खाल्ले जाते. म्हणजे लोकर अहिंसक असली, तरी त्या व्यवसायाचा संपूर्ण हिशेब अहिंसक असतोच असे नाही. आपल्याकडे गोठा उभारू पाहणाऱ्यानेही नेमका हाच धडा घ्यायला हवा.

नोकरी सोडून मातीकडे वळलेल्यांची उदाहरणे महाराष्ट्रात आहेत. वेंकट अय्यर यांनी २००४ मध्ये आयबीएममधील नोकरी सोडली आणि डहाणू तालुक्यातील पेठ या गावी सेंद्रिय शेती आरंभली. डहाणू त्या वेळी ठाणे जिल्ह्यातच होते. पालघर जिल्हा २०१४ मध्ये वेगळा झाला. शेतीचा पूर्वानुभव नसताना काय काय सोसावे लागले, हे त्यांनी ‘मूंग ओव्हर मायक्रोचिप्स’ या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी पुस्तकात मांडले आहे. पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातील भोडणी गावचे सत्यजित व अजिंक्य हांगे हे बंधू बँकेतील नोकऱ्या सोडून गावी परतले. त्यांनी सेंद्रिय शेतीला गीर गाईंची जोड दिली आणि तूप थेट ग्राहकापर्यंत पोहोचवले.

हांगे बंधूंपाशी वडिलोपार्जित जमीन होती. व्यापारी कुटुंबांपैकी बहुतेकांपाशी ती नसते, आणि पहिली अडचण येथेच उभी राहते. महाराष्ट्रातील कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. शहापूर व मुरबाड या दोन्ही तालुक्यांत आदिवासी खातेदार मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या जमिनीच्या हस्तांतरावर महसूल संहितेच्या कलम ३६-अ चे कडक निर्बंध आहेत. म्हणून सात-बारा आणि फेरफार तपासल्यावाचून विसाराची रक्कम देऊ नये.

दुसरी अडचण पाण्याची. मुंबईची तहान भागवणारी तानसा व भातसा ही धरणे शहापूरच्या परिसरात आहेत. तरीही याच तालुक्यातील कित्येक पाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते. श्रावणातले हिरवेगार रान पाहून जमीन पसंत करणाऱ्याने तीच जमीन वैशाखात पुन्हा एकदा पाहावी. वैरणीचेही तसेच. चारशे किलो वजनाच्या गाईला दिवसाला सुमारे दहा किलो शुष्क चारा लागतो, म्हणजे वर्षाला साडेतीन टनांहून अधिक. केवळ भाताच्या पेंढ्यावर दुभते जनावर पोसले जात नाही.

परंतु सर्वांत कठीण प्रश्न गोठ्याच्या नफा-तोट्याच्या पत्रकात सहसा लिहिलाच जात नाही. दहा वासरे जन्मली तर साधारणपणे पाच गोऱ्हे असतात. पूर्वी ते भातशेतीत नांगराला जुंपले जात; मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेच्या यात्रेत भरणारा बैलबाजार त्या काळापासून प्रसिद्ध आहे. आता चिखलणी पॉवर टिलरने होते. गाय दूध देईनाशी झाल्यावरही अनेक वर्षे जगते. २०१५ पासून राज्यात गाईबरोबरच बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. कायदा मारू देत नाही, हे योग्यच. पण पोसण्याचा खर्च कायदा देत नाही. ज्याने ही तरतूद केलेली नसते, तो एके दिवशी दोर सोडून देतो किंवा कोणाच्या तरी हाती जनावर देऊन मान फिरवतो. जनावर गोठ्यातून गेले, तरी त्याचे दायित्व मालकाच्या खात्यावर राहतेच.

मुंबईच्या व्यापाऱ्यांनी हा प्रश्न फार पूर्वी ओळखला होता. १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीचंद अमीचंद (मोतीशाह) यांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरापोळ स्थापन झाली. तिच्या निर्वाहासाठी व्यापाऱ्यांनी आपल्या मालाच्या उलाढालीवर स्वेच्छेने लागा बसवून घेतला. मनात आले तर द्यायचे दान म्हणून त्यांनी जीवदयेकडे पाहिले नाही. तिला त्यांनी धंद्याच्या नित्य खर्चात स्थान दिले.

शहापूर-मुरबाडला गोठा बांधू पाहणाऱ्यांनी हाच मार्ग अनुसरावा. दुधाचा व तुपाचा भाव ठरवताना भाकड गाईचा आणि गोऱ्ह्याचा चारा त्या भावात धरावा. तो धरून भाव परवडत नसेल, तर दहाऐवजी चार गाई ठेवाव्यात. शेणखत आणि गोमूत्र हेही उत्पन्नच आहे; भाकड गाय आणि बैल ते शेवटपर्यंत देतात. घरखर्चासाठी किमान तीन वर्षांची रक्कम बाजूला काढून मगच राजीनामा द्यावा.

नोकरी सोडणारा आपला भविष्यनिर्वाह निधी मोजून निघतो. ज्या मुक्या जिवांच्या आधारावर तो नवे आयुष्य उभारणार असतो, त्यांच्या म्हातारपणाची रक्कमही त्याने त्याच दिवशी मोजावी.