फायटरच्या ताटात काय वाढावे?

दुकानातून फायटर मासा घरी येतो, तेव्हा पाण्याच्या पिशवीबरोबर बहुतेकदा रंगीत दाण्यांची एक डबीही हातात पडते. हे दाणे कोणत्या माशासाठी आहेत, कशापासून बनले आहेत, हे सहसा कोणी विचारत नाही. मग घरातली मुले त्यात पोळीचा तुकडा, चुरमुरा, बिस्किटाचा चुरा अशी भर घालतात. मासा त्यातले काही गिळतो, काही थुंकून टाकतो. प्रेमाने दिलेला हा खाऊ त्याला मानवत नाही. का मानवत नाही, याचे पहिले उत्तर त्याच्या तोंडाच्या ठेवणीत आहे.

फायटरचे, म्हणजे ‘बेटा स्प्लेन्डेन्स’चे, तोंड वरच्या बाजूला वळलेले असते. तळाशी चरणाऱ्या माशांचे तोंड खाली झुकलेले असते. पाण्याच्या वरच्या थरात भक्ष्य टिपणाऱ्यांचे असे वर असते. हा मासा मूळचा थायलंडचा. तिथली भातखाचरे, दलदली आणि झाडोऱ्याने भरलेली उथळ डबकी हे त्याचे घर. २०१९मध्ये थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. अशा साचलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी असतो, म्हणून कल्ल्यांच्या जोडीला त्याच्या डोक्यात हवेतला ऑक्सिजन शोषणारे एक खास इंद्रिय असते. हवेचा घोट घ्यायला तो वरचेवर पृष्ठभागावर येतो. डासांच्या अळ्या आणि पाण्यात पडलेले किडे याच थरात सापडतात. पाण्यात तरंगणारे सूक्ष्म कवचधारी जीवही तो खातो. थोडक्यात, हा देखणा मासा शिकारी आहे.

दुसरे उत्तर पोटात आहे. शेवाळ-पाला खाणाऱ्या माशांचे आतडे लांबलचक आणि वेटोळ्यांचे असते, कारण वनस्पती पचायला वेळ लागतो. मांसाहारी फायटरचे आतडे आखूड असते. कणीक, भात, पाव यांतला स्टार्च त्याला नीट पचत नाही. न पचलेले अन्न पोटात साठते, पोट फुगते आणि मासा धड पोहू शकत नाही. फुलदाणीत वर झाड आणि खाली फायटर ठेवून ‘तो मुळे खाऊन जगतो’ असे सांगितले जाते, तेही खोटेच. तो मुळे खात नाही. तिथे तो हळूहळू उपाशी मरतो.

मग रोजचे अन्न कोणते? फायटरसाठी बनवलेले, पाण्यावर तरंगणारे, साधारण एक मिलिमीटर जाडीचे दाणे. डबीच्या मागची घटकांची यादी वाचावी. मासळी, कोळंबी, क्रिल किंवा किड्यांच्या अळ्या यांची नावे सुरुवातीला हवीत. गहू किंवा सोयाबीनचे पीठ पहिले असेल तर डबी परत ठेवावी. प्रथिनांचे प्रमाण ४० टक्के किंवा जास्त असलेले बरे. डबी लहानच घ्यावी, कारण उघडल्यावर हवा आणि दमटपणामुळे त्यातली जीवनसत्त्वे आणि तेले खराब होऊ लागतात. लाल-पिवळ्या रंगासाठी लागणारी कॅरोटिनॉइड द्रव्ये मासा स्वतः तयार करू शकत नाही, ती अन्नातूनच मिळतात. कोळंबीवर्गीय जीवांत ती भरपूर असतात.

आठवड्यातून एक-दोनदा ताटात बदल हवा. डॅफ्निया म्हणजे पाणपिसू उत्तम. तिच्या कवचामुळे पोट साफ राहायला मदत होते. आर्टेमिया या इवल्याशा कोळंबीवर्गीय जीवाची पिल्लेही चांगली. ‘ब्लडवर्म’ या नावाने मिळणारे लाल किडे खरे तर चिलटासारख्या एका माशीच्या अळ्या असतात. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा. मासा त्यांच्यावर तुटून पडतो, पण रोजचे जेवण म्हणून ते देऊ नयेत. सुकवलेले किडे आधी पाण्यात भिजवावेत, नाहीतर ते पोटात जाऊन फुगतात. आपल्याकडे दुकानांत जिवंत ट्युबिफेक्स किडे सर्रास मिळतात. ते घाण पाण्याच्या गाळात वाढतात आणि बरोबर रोगजंतू आणू शकतात. नवशिक्याने त्यांच्या वाटेला न गेलेले बरे. डासांच्या अळ्या हे फायटरचे नैसर्गिक खाद्य खरे, पण त्यांच्यासाठी घरात पाणी साठवणे म्हणजे डेंग्यूला आमंत्रण.

काय द्यावे यापेक्षाही किती द्यावे, इथे जास्त चुका होतात. मासा शीतरक्ताचा प्राणी आहे. आपल्या अन्नाचा मोठा भाग शरीर उबदार राखण्यात खर्च होतो. माशाला तो खर्चच नाही. त्यामुळे पाच-सहा सेंटीमीटरच्या फायटरला सकाळ-संध्याकाळ दोन-तीन दाणे पुरतात. काचेजवळ कोणी आले की तो लगबगीने वर येतो, पण ती दर वेळी भूक नसते. माणूस आला की खाणे येते, हे तो चटकन शिकतो. आठवड्यातला एक दिवस उपास घडला तरी बिघडत नाही.

उरलेला दाणा कुजला की अमोनिया तयार होतो. माशाने खाल्लेल्या प्रथिनांतूनही तो कल्ल्यांवाटे पाण्यात उतरतो. जुन्या टाकीत स्थिरावलेले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे वाढायला काही आठवडे लागतात. म्हणूनच सुरुवातीच्या दिवसांत जास्तीचे अन्न विषासारखे ठरते, आणि पाणी जितके कमी तितका धोका मोठा.

नवा मासा पहिले एक-दोन दिवस खात नसेल तर घाबरू नये. जागा आणि पाणी दोन्ही बदललेले असतात. एकच दाणा टाकून पाहावा, काही मिनिटांत खाल्ला नाही तर काढून घ्यावा. पाणी २५ ते २८ अंश सेल्सिअस असू द्यावे. गार पाण्यात भूकही मंदावते आणि पचनही. चार-पाच दिवसांनंतरही मासा खात नसेल, तर डबी बदलण्याआधी पाणी तपासा. आणि घरात दाणे टाकण्याचे काम एकाच व्यक्तीकडे ठेवा. चौघांनी चार वेळा लाड केले, तर ते त्या एवढ्याशा पोटाला झेपणार नाहीत.