विश्लेषण : शिकागोच्या शाळांचा कारभारी कोण? दीडशे वर्षांत उत्तर इतक्या वेळा का बदलले?

अमेरिकेतील शिकागो शहरात महापौरापासून न्यायाधीशापर्यंत अनेक पदांसाठी मतदान होते. मात्र शहरातील सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या शिक्षण मंडळासाठी तेथील मतदारांनी नोव्हेंबर २०२४ पूर्वी एकदाही मत दिले नव्हते. इलिनॉय राज्यातील जवळपास सगळ्या गावांत आणि शहरांत असे मंडळ लोक निवडतात, शिकागोत मात्र ते महापौर नेमत आले. आता ही पद्धत टप्प्याटप्प्याने संपत आहे. दरम्यान एक अख्खे मंडळ राजीनामा देऊन गेले, शाळांच्या प्रमुखांना हटवण्यात आले आणि कर्जावरून मंडळ व महापौर आमनेसामने आले. शाळांची सूत्रे कोणाकडे असावीत, या प्रश्नाचा शिकागोतला प्रवास म्हणूनच समजून घेण्यासारखा आहे.

शिक्षण मंडळाचे काम काय?

शिकागोत सहाशेहून अधिक सार्वजनिक शाळा आणि सुमारे सव्वातीन लाख विद्यार्थी आहेत. वार्षिक अर्थसंकल्प १० अब्ज डॉलरच्या घरात आहे. अर्थसंकल्प मंजूर करणे, मालमत्ता करातून शाळांसाठी किती रक्कम उभारायची ते ठरवणे, शिक्षक संघटनेबरोबरचा करार मान्य करणे, शाळा उघडणे वा बंद करणे आणि प्रशासनाचा प्रमुख नेमणे हे मंडळाचे अधिकार. या प्रमुखाला पूर्वी अधीक्षक म्हणत. १९९५ पासून त्याला मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणतात. म्हणजे नेतृत्वाच्या दोन खुर्च्या आहेत : मंडळाचे अध्यक्ष आणि प्रशासनाचे प्रमुख. या दोन खुर्च्यांमागे तिसरी खुर्ची महापौरांची. शिकागोच्या शाळांचा इतिहास बऱ्याच अंशी या तीन खुर्च्यांमधल्या ओढाताणीचा इतिहास आहे.

महापौरांचा वरचष्मा कधीपासून?

राज्याच्या कायद्यानुसार १८७२ पासून मंडळाचे सदस्य महापौर नेमू लागले. त्याला नगर परिषदेची संमती लागे. या पद्धतीतही कर्तबगार माणसे पुढे आली. एला फ्लॅग यंग १९०९ मध्ये अधीक्षक झाल्या. अमेरिकेतील एखाद्या मोठ्या शहराच्या शाळांची सूत्रे हाती घेणाऱ्या त्या पहिल्या महिला. शिक्षकांचे म्हणणे ऐकून निर्णय घ्यावेत, असा त्यांचा आग्रह होता. मंडळातील एका गटाला तो रुचला नाही आणि डिसेंबर १९१३ मध्ये मंडळाने त्यांच्या जागी दुसऱ्याची निवड केली. शहरातील महिला संघटना रस्त्यावर उतरल्या. इलिनॉयमध्ये महिलांना त्याच वर्षी महापालिका निवडणुकीत मताधिकार मिळाला होता, हे महापौर कार्टर हॅरिसन यांना विसरता येण्याजोगे नव्हते. त्यांनी काही सदस्यांना घरी पाठवले आणि यंग पुन्हा पदावर आल्या. निकाल चांगला लागला, पण महापौरांनी मनात आणले तर मंडळ एका रात्रीत बदलता येते, हेही दिसून आले.

त्या अधिकाराचा गैरवापर झाला का?

झाला, आणि फार वाट पाहावी लागली नाही. १९२७ च्या निवडणुकीत विल्यम थॉम्प्सन ऊर्फ ‘बिग बिल’ यांनी अधीक्षक विल्यम मॅकअँड्र्यू यांनाच प्रचाराचा मुद्दा केले. शाळांतील इतिहासाची पुस्तके ब्रिटनधार्जिणी आहेत, असा त्यांचा आरोप होता. ब्रिटनच्या राजाच्या नाकावर ठोसा मारण्याची भाषाही त्यांनी केली. थॉम्प्सन निवडून आले आणि मॅकअँड्र्यू यांना निलंबित करून मंडळापुढे त्यांची सुनावणी सुरू झाली. अधीक्षकाला शिक्षकांशी कसे वागला याचा जाब विचारण्याऐवजी राजकीय फड रंगला.

पुढे महामंदी आली. शिक्षकांचे पगार कित्येक महिने थकले आणि १९३३ मध्ये ते मोर्चे घेऊन बँकांवर धडकले. १९४५ मध्ये राष्ट्रीय शिक्षण संघटनेच्या अहवालाने शिकागोतील वशिलेबाजीचे वाभाडे काढले. १९४६ मध्ये अधीक्षक विल्यम जॉन्सन यांना पायउतार व्हावे लागले. त्यानंतर सदस्य नेमण्यापूर्वी सल्लागार समितीकडून नावे मागवण्याचा पायंडा पडला. महापौरांच्या मोकळ्या हाताला लागलेला तो पहिला लगाम.

‘विलिस वॅगन’ म्हणजे काय?

राजकारणापासून दूर असलेला तज्ज्ञ नेमला की प्रश्न सुटेल, ही पुढची अपेक्षा. १९५३ मध्ये आलेले बेंजामिन विलिस असे तज्ज्ञ मानले जात. त्यांनी मोठ्या प्रमाणावर बांधकामे केली. पण कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतील शाळा ओसंडून वाहत होत्या, मुले दोन पाळ्यांत शिकत होती आणि जवळच्या श्वेतवर्णीयांच्या शाळांत बाके रिकामी होती. मुलांना त्या शाळांत पाठवण्याऐवजी विलिस यांनी गर्दीच्या शाळांच्या आवारात फिरते वर्ग आणून उभे केले. लोकांनी त्यांना ‘विलिस वॅगन’ असे उपरोधिक नाव दिले.

२२ ऑक्टोबर १९६३ रोजी दोन लाखांहून अधिक मुले शाळेत गेलीच नाहीत. वर्णभेदाविरुद्धचा तो शहरातील अभूतपूर्व बहिष्कार होता. तरीही मंडळाने विलिस यांची पाठराखण केली आणि ते १९६६ पर्यंत पदावर राहिले. ज्यांची मुले दोन पाळ्यांत शिकत होती, त्या पालकांना मंडळ बदलण्याचा कोणताही मार्ग नव्हता. निवडून आलेल्या मंडळाच्या मागणीला पुढे कृष्णवर्णीय वस्त्यांतून मोठा पाठिंबा मिळाला, त्याची मुळे या अनुभवातही आहेत.

पालकांच्या हाती शाळा कधी आल्या?

१९७९ च्या अखेरीस मंडळाची पत घसरली, कर्ज मिळेना आणि शिक्षकांचे पगार थकले. १९८० मध्ये राज्याने एक वित्त प्राधिकरण बसवून मंडळाच्या खर्चावर देखरेख सुरू केली. रूथ लव्ह १९८१ मध्ये शहराच्या पहिल्या कृष्णवर्णीय अधीक्षक झाल्या, पण तिजोरीच्या चाव्या त्यांच्याकडे पूर्णपणे नव्हत्याच. १९८७ मध्ये शिक्षकांचा संप १९ दिवस चालला. त्याच वर्षी केंद्रीय शिक्षणमंत्री विल्यम बेनेट यांनी शिकागोच्या शाळा देशात सर्वांत वाईट असल्याचे म्हटले.

संपाला वैतागलेले पालक, उद्योजक आणि महापौर हॅरॉल्ड वॉशिंग्टन यांच्या पुढाकारातून सुधारणेची चळवळ उभी राहिली. वॉशिंग्टन यांचे नोव्हेंबर १९८७ मध्ये निधन झाले, पण १९८८ मध्ये राज्याने नवा कायदा केला. प्रत्येक शाळेसाठी स्थानिक शाळा परिषद आली : सहा पालक, परिसरातील दोन रहिवासी, दोन शिक्षक आणि मुख्याध्यापक. मुख्याध्यापक नेमण्याचा आणि चार वर्षांनी त्याचा करार वाढवण्याचा वा न वाढवण्याचा अधिकार या परिषदेला मिळाला. नागरिकत्व नसलेल्या पालकांनाही या परिषदेसाठी मत देता येते. सत्ता मुख्यालयातून थेट शाळेच्या दारात आणण्याचा असा प्रयोग अमेरिकेतील मोठ्या शहरांत दुर्मीळच.

मग १९९५ मध्ये चक्र उलटे का फिरले?

परिषदांनी शाळा बदलल्या, पण तिजोरीतला खड्डा भरला नाही. अखेर रिपब्लिकन पक्षाच्या ताब्यातील राज्य विधिमंडळाने १९९५ मध्ये शाळांची सूत्रे थेट महापौर रिचर्ड एम. डेली यांच्या हाती दिली. नावे सुचवणारी समिती गेली. अधीक्षकाऐवजी मुख्य कार्यकारी अधिकारी आला आणि त्यासाठी शिक्षणाची पदवी वा अनुभव आवश्यक राहिला नाही. पहिले प्रमुख पॉल वालास हे महापालिकेच्या अर्थसंकल्पाचे काम पाहत होते. त्यांच्यानंतर आलेले आर्न डंकन २००९ मध्ये बराक ओबामा यांच्या मंत्रिमंडळात शिक्षणमंत्री झाले.

या व्यवस्थेचा युक्तिवाद सोपा होता : शाळा बिघडल्या तर कोणाला पकडायचे ते लोकांना ठाऊक असेल. काही काळ तो पटलाही. संप थांबले, इमारती दुरुस्त झाल्या. पण याच कायद्याने निवृत्तिवेतनासाठीचा कर दैनंदिन खर्चासाठी वापरण्याची मुभा दिली. पुढची सुमारे दहा वर्षे मंडळाने शिक्षकांच्या निवृत्तिवेतन निधीत नगण्य भर घातली. हिशेब तेव्हा जुळला, उधारी पुढच्या पिढीच्या नावावर चढली.

पन्नास शाळा बंद करण्याचा निर्णय निर्णायक ठरला?

बऱ्याच अंशी. मे २०१३ मध्ये महापौर राम इमॅन्युएल यांनी नेमलेल्या मंडळाने ५० शाळा बंद करण्याचा निर्णय घेतला. सुमारे १२ हजार मुलांना नव्या शाळेत जावे लागले आणि त्यातील बहुसंख्य मुले कृष्णवर्णीय होती. जाहीर सुनावण्यांत पालक रडले, भांडले, नव्या शाळेच्या वाटेवरील टोळ्यांच्या हद्दी दाखवत राहिले. मंडळाचा निर्णय फारसा बदलला नाही.

त्या वेळच्या प्रशासनप्रमुख बार्बरा बर्ड-बेनेट यांनी दोन वर्षांनी लाचखोरीच्या गुन्ह्याची कबुली दिली. आपण पूर्वी जिथे काम केले, त्या कंपनीला त्यांनी निविदा न काढता दोन कोटी डॉलरहून अधिक रकमेचे कंत्राट मिळवून दिले होते. २०१७ मध्ये त्यांना साडेचार वर्षांची शिक्षा झाली. त्यांच्यानंतरचे प्रमुख फॉरेस्ट क्लेपूल यांनाही नैतिकतेच्या चौकशीनंतर त्याच वर्षी पद सोडावे लागले. महापौर एकटे जबाबदार असले तरी त्यांना जाब चार वर्षांतून एकदाच विचारता येतो आणि तेव्हा मतदारापुढे पोलीस, रस्ते, करांसह सगळेच प्रश्न असतात. वस्तीतील शाळेचा प्रश्न त्या गर्दीत हरवतो, हे पालकांना उमगले.

२०२४ मध्ये नेमके काय घडले?

निवडून येणाऱ्या मंडळाचा कायदा २०२१ मध्ये झाला. त्याला तेव्हाच्या महापौर लोरी लाइटफूट यांचा विरोध होता. २०२३ मध्ये माजी शिक्षक आणि शिक्षक संघटनेचे माजी संघटक ब्रँडन जॉन्सन महापौर झाले. जुन्या अधिकारांच्या अखेरच्या वर्षात त्यांचा प्रशासनप्रमुख पेद्रो मार्टिनेझ यांच्याशी खटका उडाला. शिक्षकांचा नवा करार आणि निवृत्तिवेतनाची रक्कम भागवण्यासाठी ३० कोटी डॉलरचे अल्पमुदतीचे कर्ज काढावे, असे महापौरांचे म्हणणे. मार्टिनेझ यांनी नकार दिला.

ऑक्टोबर २०२४ मध्ये महापौरांनीच नेमलेल्या मंडळाच्या सातही सदस्यांनी राजीनामे जाहीर केले. नवे अध्यक्ष मिचेल जॉन्सन यांना समाजमाध्यमांवरील जुन्या वादग्रस्त मजकुरामुळे काही दिवसांतच जावे लागले. २० डिसेंबरला मंडळाने मार्टिनेझ यांना हटवले. करारातील तरतुदीमुळे ते आणखी सहा महिने, जून २०२५ पर्यंत पदावर राहिले. नंतर मॅकलिन किंग यांच्याकडे हंगामी सूत्रे आली.

निवडणुकीने चित्र बदलले का?

नोव्हेंबर २०२४ मध्ये दहा जागांसाठी मतदान झाले. एका बाजूला शिक्षक संघटना, दुसऱ्या बाजूला खासगी संस्थांनी चालवलेल्या ‘चार्टर’ शाळांचे समर्थक. दोघांनीही भरपूर पैसा ओतला. संघटनेचा पाठिंबा असलेले चार उमेदवार निवडून आले, उरलेल्या जागा चार्टर समर्थक आणि अपक्षांत वाटल्या गेल्या. जानेवारी २०२५ मध्ये २१ जणांचे मिश्र मंडळ बसले. त्यात दहा निवडून आलेले, अध्यक्षांसह अकरा महापौरांनी नेमलेले. सदस्यांना वेतन नाही.

खरी परीक्षा ऑगस्ट २०२५ मध्ये झाली. अर्थसंकल्पात ७३ कोटी ४० लाख डॉलरची तूट होती. महापौरांना कर्जाचा मार्ग खुला हवा होता. बहुमत त्यांनी नेमलेल्यांचे होते, तरीही कर्जाविना मांडलेला अर्थसंकल्प १२ विरुद्ध ७ मतांनी मंजूर झाला. नेमलेल्या सदस्यांनाही शेजारी बसलेल्या लोकनियुक्त सहकाऱ्यांसमोर, उघड्या बैठकीत हात वर करावा लागतो, तेव्हा महापौरांचा शब्द अखेरचा राहत नाही, हे या मतदानात दिसले.

पुढे काय?

कायद्यानुसार नोव्हेंबर २०२६ मध्ये सर्व २१ जागांसाठी निवडणूक आहे. अध्यक्ष संपूर्ण शहरातून निवडला जाईल आणि जानेवारी २०२७ पासून महापौरांचा एकही सदस्य मंडळात नसेल. २०२७ पर्यंत शाळा बंद न करण्याचा ठराव आधीच्या मंडळाने केला होता, म्हणजे तो कठीण प्रश्नही नव्या मंडळाच्याच दारात येईल. २००० च्या सुमारास शिकागोत सव्वाचार लाखांहून अधिक विद्यार्थी होते. आज त्यात एक लाखाहून अधिक घट झाली आहे. अर्ध्या रिकाम्या इमारती, जुनी निवृत्तिवेतनाची देणी आणि राज्याकडून अपुरा पैसा हे तिन्ही प्रश्न मतपेटीने सुटणारे नाहीत.

दीडशे वर्षांत शिकागोने शाळांची सूत्रे महापौर, तज्ज्ञ, वित्त प्राधिकरण, पालक आणि पुन्हा महापौर अशी फिरवली. प्रत्येक बदल आधीच्या अपयशातून आला आणि प्रत्येक वेळी नव्या कारभाऱ्याला जुनीच उधारी मिळाली. निवडून आलेल्या मंडळालाही ती मिळणार आहे. फरक एवढाच, की पुढच्या वेळी एखाद्या वस्तीतील शाळेला कुलूप लावायची वेळ आली, तर तसे ठरवणाऱ्या सदस्याला त्याच वस्तीत मत मागायला जावे लागेल. १९६३ मध्ये मुलांना घरी ठेवणाऱ्या आणि २०१३ मध्ये सुनावणीत रडणाऱ्या पालकांकडे तेवढे साधन नव्हते.