उधारी देण्याअगोदर माणूस कसा ओळखावा?

कापडाच्या धंद्यात माल विकणे फारसे कठीण नाही. विकलेल्या मालाचा पैसा घरी आणणे कठीण आहे. भिवंडी असो, मालेगाव असो की इचलकरंजी, यंत्रमागावरचे कापड बरेचसे उधारीवरच जाते. कोणी तीस दिवसांची मुदत मागतो, कोणी साठ, कोणी नव्वद. ताका हातात घेतला की आपण पन्हा मोजतो, सुताचा काउंट विचारतो, उजेडात धरून डाग पाहतो. पण तोच माल ज्याच्या हवाली करायचा, त्या माणसाला मात्र चहा पाजून दहा मिनिटांत पास करून टाकतो.

आम्हीही हेच केले आणि त्याची किंमत मोजली. २०११ सालच्या रमजानच्या अगोदरची गोष्ट. बाहेरगावची एक पार्टी दलालामार्फत आली. बोलणे गोड, जमाअतीच्या नमाजला आमच्याही अगोदर हजर. पहिले बिल लहान, मुदतीच्या आठ दिवस आधी चुकते झाले. दुसरेही तसेच. तिसऱ्या खेपेला ईदचा सीझन म्हणून एकदम पाचपट माल मागितला. आम्ही दिला. ईद झाली, चेक बँकेतून परत आला, फोन बंद. दुकानावर गेलो तर शटरला दुसऱ्याचे कुलूप.

पुष्कळ दिवस आम्ही त्याला दोष देत राहिलो. नंतर शांतपणे विचार केला तेव्हा दिसले की खुणा समोर होत्या. त्याने भावात एक रुपयाचीही घासाघीस केली नव्हती. ज्याला पैसे द्यायचे असतात तो भाव करतो. ज्याला द्यायचेच नसतात त्याला भाव काय करायचा? शिवाय आधीच्या सगळ्या व्यापाऱ्यांना तो 'बेईमान' म्हणत होता आणि आमची तेवढी तारीफ करीत होता. ती तारीफ आम्हाला आवडली, ही खरी गोष्ट.

हजरत उमर (रजि.) यांच्याविषयी एक प्रसंग सांगितला जातो. त्यांच्यासमोर एका माणसाने दुसऱ्याच्या चांगुलपणाची ग्वाही दिली. त्यांनी विचारले, तू त्याचा शेजारी आहेस काय? त्याच्याबरोबर प्रवास केला आहेस काय? दिनार-दिरहमचा व्यवहार केला आहेस काय? तिन्हींचे उत्तर नाही असे आले, तेव्हा ते म्हणाले की मग तू त्याला ओळखत नाहीस. मस्जिदीत पाहिले असशील तेवढेच, असेही काही ग्रंथांत आले आहे. उर्दू शाळेत हा प्रसंग आम्ही पाठ केला होता, मार्कही मिळाले होते. दुकानावर बसल्यावर तो आठवला नाही.

हे तीन प्रश्न आजच्या बाजारातही जसेच्या तसे लागू पडतात. शेजार म्हणजे त्याची गल्ली. दलालाला विचारू नका, त्याची दलाली मालावर असते. शेजारच्या दुकानदाराला, माल उतरविणाऱ्या हमालाला विचारा. हमालाची मजुरी जो चार चकरा मारायला लावून देतो, तो आपले बिल वेळेवर देईल असे समजण्यास काही आधार नाही. प्रवास म्हणजे सुरतला खरेदीला एकत्र जाणे. गाडी चुकली, जागा मिळाली नाही, जेवण खराब निघाले की माणसाचा खरा स्वभाव आपोआप बाहेर येतो.

तिसरा प्रश्न, व्यवहाराचा, सर्वांत नाजूक आहे. पहिली दोन लहान बिले वेळेवर येणे हा पुरावा नव्हे. फसविणारा नेमके तेच करतो. पाहायचे ते वेगळेच. पैसे लांबणार असतील तर तो स्वतः फोन करतो की आपला फोन टाळतो? मालात खोट असेल तर ती गाठोडे फोडल्याबरोबर सांगतो की बिलाची मुदत आल्यावर? एकदा आमच्या नोकराच्या चुकीने एका गिऱ्हाइकाकडे दोन ताके जास्त गेले. आम्हाला पत्ताही नव्हता. त्याच दिवशी त्याचा फोन आला, "शेठ, तुमचा हिशेब तुम्हालाच जड झालेला दिसतो, दोन ताके वर आलेत." हा माणूस तोंडाचा फाटका, दर खेपेला भावावरून भांडणारा. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा त्याच्याकडे आमची मोठी रक्कम होती. दुकान बंद असतानाही तो दर महिन्याला थोडेथोडे पाठवीत राहिला. अशा अडचणीत आलेल्याला सवड द्यावी, असे सूरह बकराच्या २८० व्या आयतीत आले आहे. ती सवड देताना आमच्या मनात शंका आली नाही.

कोणी म्हणेल, ही तर बदगुमानी झाली. नाही. फार संशय घेऊ नका, असे कुरआन सांगते (४९:१२), आणि त्याच कुरआनात सर्वांत लांब आयत (२:२८२) कर्जाचा मामला लिहून ठेवण्याविषयी आहे. लिहून घेणे म्हणजे समोरच्याला चोर ठरविणे नव्हे. बिलावर सही घ्या, वर्षातून एकदा बाकीचा कागद सहीनिशी मागवा. साधारणपणे तीन वर्षे झाली की जुनी बाकी कोर्टात टिकत नाही. चेक परतला तर कलम १३८ प्रमाणे बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस जायला हवी. ती मिळाल्यापासून त्याला पैसे भरण्यास पंधरा दिवस मिळतात, आणि त्यानंतर एक महिन्यात तक्रार करावी लागते. आम्ही 'आज देईल, उद्या देईल' करीत ती तारीख घालविली होती.

त्या प्रकरणानंतर आम्ही एक सवय लावून घेतली आहे. नवी पार्टी आली की खातेवहीच्या शेवटच्या पानावर तिच्याविषयी आपले मत दोन ओळींत लिहितो, तारखेसह. वर्षाने ते पान उघडून ताडून पाहतो. गेल्या खेपेला अकरा नावांपैकी चार मते साफ चुकली होती. तिघांना आम्ही 'शरीफ' लिहिले होते, आणि तिघांनीही पहिल्याच भेटीत आमच्या मालाची तारीफ केली होती. चौथ्यासमोर 'उद्धट, जपून' असे लिहिले होते; त्याचे एकही बिल मुदतीबाहेर गेलेले नाही.